शेवंती, तू उघडलेलं मशीन

शेवंती, तुझं तेरावं होऊन आज सहा दिवस झाले. मंडळाच्या अंकासाठी तुझ्याबद्दल चार शब्द लिहून द्या असं मला सांगितलंय. सोबत एक कागदही दिलाय: जन्म, माहेर, शिक्षण, सामाजिक कार्य, मागे कोण कोण आहे. मी दोनदा तो भरायला बसले. ‘शिक्षण’ या शब्दापुढे पेन थांबलं आणि मी कागद बाजूला ठेवला. तुझ्याविषयी मी आयुष्यभर दुसऱ्यांशी बोलत आले. सासूबाईंशी बोलले, ह्यांच्याशी बोलले, देवळातल्या बायकांशी बोलले. तुझ्याशी बोलायला फार उशिरा शिकले. म्हणून हे तुलाच लिहिते. अंकवाल्यांना हवं तर छापू देत.

तू सदाभावजींशी लग्न करून रोझ हिलच्या आमच्या घरात आलीस तेव्हा मला शाळेत शिकवायला लागून सात वर्षं झाली होती. हे सरकारी कचेरीत. आईंना, म्हणजे आपल्या सासूबाईंना, त्याचा केवढा तोरा होता ते तुला सांगायला नको. तू शमें ग्रेनिए गावची. बाप उसाच्या शेतावर, शाळा सहावीत सुटलेली, आणि लग्नाआधीपासून झोनमध्ये शिवणकामाला. तेव्हा आपल्या बेटावर नवे नवे कारखाने उघडत होते आणि सगळे त्यांना झोनच म्हणत. सकाळी अंधारात मुलींनी भरलेल्या गाड्या जायच्या. आम्ही सरकारी नोकरीवाली माणसं त्या गाड्यांकडे बघून न बघितल्यासारखं करायचो.

लग्नानंतर तू काम सोडशील असं आईंनी गृहीत धरलं होतं. महिन्याभरानं तू पुन्हा डबा भरायला लागलीस. एका सकाळी स्वयंपाकघरात आपण दोघीच होतो. तू रोट्या गुंडाळत होतीस, आणि मी म्हणाले, “उद्या शाळेत पोरांच्या आयांनी विचारलं तर मी काय सांगायचं? माझी जाऊ झोनमध्ये शर्टाच्या बाह्या जोडते?”

तू डब्याचं झाकण लावलंस. “जॅकेटच्या,” म्हणालीस. “शर्ट दुसऱ्या लाइनीवर.”

एवढंच. पुढच्या महिन्यात तुम्ही दोघं शमें ग्रेनिएला राहायला गेलात. तिथून झोनची गाडी जवळ पडते, असं सदाभावजींनी सांगितलं, आणि आम्ही ते मानून घेतलं, कारण ते मानणं सोयीचं होतं. दोन वर्षं तुझं येणंजाणं झालं नाही. गणपतीला भावजी एकटे यायचे.

मग आई अंगणात पडल्या. डावं अंग गेलं, बोलणं जड झालं. डॉक्टर म्हणाले, जीवाला धोका नाही, पण अंथरुणातून उठणं अवघड. आईंसारख्या बाईला, जिनं कुणाला आपला पेलासुद्धा विसळू दिला नव्हता, दुसऱ्याच्या हातून पुसून घ्यावं लागायचं. रोज तीन-चार चादरी. मागच्या अंगणात कपडे धुवायचा दगड होता आणि मी होते. मी शाळेतून रजा घेतली. ती संपली तेव्हा बिनपगारी घेतली.

ह्यांच्या कचेरीतलं एक परदेशी कुटुंब देश सोडून जात होतं. त्यांच्याकडून ह्यांनी कपडे धुवायचं मशीन आणलं. वरून झाकण उघडायचं, पांढरं, कपाटाएवढं. आमच्या गल्लीतलं ते पहिलंच. शेजारपाजारच्या बायका येऊन त्यात डोकावून गेल्या. दोन महिने मला वाटलं की माझे हात मला परत मिळाले. मुख्याध्यापकांना मी निरोपही धाडला की पुढच्या सत्राला येते.

आणि एका सकाळी मशीननं पिळणं बंद केलं. धुवायचं तेवढं. मधला दांडा इकडून तिकडे घुसळायचा, पाणी जायचं, मोटर गुणगुणायची, पण पिंप फिरायचं नाही. झाकण उघडलं की आत चादरींचा ओला गोळा, पाणी टपकत असलेला. पावसाळी दिवसांत तशी चादर दोरीवर टाकली तर दोन दिवस वाळत नाही, आणि आपल्याकडे पलंगावर घालायला एवढ्या चादरी होत्या कुठे. ह्यांनी गावातला मिस्त्री आणला. त्यानं मागचं झाकण काढलं, आत बॅटरी मारली आणि सांगितलं की गिअरबॉक्स गेला, बाहेरच्या देशातून मागवावा लागेल, सहा महिने धरा, येईल की नाही तेही सांगत नाही.

त्या आठवड्यात मी राजीनाम्याचं पत्र लिहिलं. ह्यांना दाखवलं. ते वाचून म्हणाले, “बघ बाई, तुला योग्य वाटेल तसं.” ह्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. पत्र कपाटात ठेवलं, सोमवारी द्यायचं म्हणून.

तू आलीस तो त्याच्या आदला रविवार.

क्युरपीपला गाडी बदलून आली होतीस, हातात पालेभाजीची पिशवी. आईंना बघायला यायचं तू ठरवलंस ते भावजींनाही सांगितलं नव्हतंस, हे मला नंतर कळलं. पुढच्या दाराला कडी होती म्हणून तू घराला वळसा घालून मागे आलीस. मी चादर पिळत होते. पिळायला दुसरं माणूस नव्हतं, म्हणून एक टोक मी पेरूच्या झाडाला गाठ मारून बांधलं होतं आणि दुसरं टोक धरून पीळ देत होते. केस सुटलेले, पदर कमरेला, पायात काही नाही. ज्या जावेसमोर कधी इस्त्री मोडू दिली नव्हती तिनं मला तसं बघितलं.

तू ‘कशी आहेस’ म्हणाली नाहीस. पिशवी पायरीवर ठेवलीस, झाडाची गाठ सोडलीस आणि ते टोक हातात घेतलंस. तू उजवीकडे पीळ दिलास, मी डावीकडे. पाणी दोघींच्या पायांवर पडलं. तीन चादरी झाल्या. चौथीला तू विचारलंस, “बाय, घरात मशीन हाय म्हनं ना?”

“आहे. मोडलंय. गिअरबॉक्स गेलाय.”

“कोन म्हनाला?”

“मिस्त्री.”

“चालू करून दाखव.”

मला राग आला, हे आज कबूल करते. पत्र कपाटात होतं, अंगात त्राण नव्हतं, आणि सहावी शिकलेली माझी जाऊ मला मशीन चालू करून दाखव म्हणत होती. पण नाही म्हणायचीही ताकद उरली नव्हती. मी बटण फिरवलं.

तू डोळे मिटून ऐकलंस. मग झाकणावर हात ठेवलास, मग खाली वाकून बाजूच्या पत्र्याला कान लावलास. “मोटर बरोबर हाय,” म्हणालीस. “आयकू येतंय? तिची ती फिरतेय. पट्टा पन फिरतोय. मधला दांडा घुसळत होता ना धुताना?”

“हो. धुतं व्यवस्थित.”

“मग गिअर कसा गेला? गेला असता तर धुतला पन नसता. आता आतले सगले कपडे काड.”

मी काढले. तू पुन्हा पिळायच्या खुणेवर बटण फिरवलंस. रिकामं पिंप आधी जागचं हललं, मग हळूहळू फिरायला लागलं, आणि बघता बघता जोरात फिरलं. मी बघत राहिले. आठवडाभर ते मशीन मी रिकामं कधी चालवलंच नव्हतं. कशाला चालवीन?

तू एक ओला टॉवेल आत टाकलास. फिरलं, पण रडत. दोन टाकलेस. थांबलं. मोटर तशीच गुणगुणत राहिली. थोड्या वेळानं जळकट वास आला, बुचाला काडी लावल्यासारखा. तू पटकन बटण बंद केलंस, आणि तुझ्या तोंडावर एक बारीक हसू आलं. ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या दोन वर्षं आधी तुला माझ्या घरात हसायला जागाच कुठे होती?

“सा मेम,” म्हणालीस, म्हणजे हेच ते. “बाय, आमच्या शिवायच्या मशिनीला असाच होतो. खाली मोटर कायम फिरत असते. आपन पायाखालची फली दाबली की एक तबकडी जाऊन तिला चिकटते, मग सुई चालते. पाय काडला की सुटते. त्या तबकडीला बूच लावलेला असतो, धरायला. बूच झिजला, नायतर त्याच्यावर तेल आला, की पातल कापडावर सुई चालते आनि जीनची जाड शिवन आली की थांबते. मोटर ओरडते, सुई जाग्यावर. तुजा मशीन तसाच करतोय. रिकामा धरतोय, भरला की घसरतोय.”

“म्हणजे?”

“म्हंजे क्लच.”

हे तोवर आतून येऊन दारात उभे होते. म्हणाले, “मिस्त्री तर…”

“मिस्त्रीनं कपडे टाकून बगितलं का, दादा?”

नव्हतं बघितलं.

मग आपण ते उघडलं. आधी तू तार भिंतीतून काढलीस आणि ती स्वतःच्या कमरेला गुंडाळलीस, कुणी चुकून लावू नये म्हणून. नळी खाली सोडून उरलंसुरलं पाणी काढलं. जमिनीवर गोधडी घातली आणि आपण तिघांनी मिळून मशीन पाठीवर निजवलं. ह्यांची सगळी हत्यारं, म्हणजे दोन पाने, एक पक्कड आणि आईंच्या खलबत्त्यातला बत्ता, एवढ्यावर तू कामाला लागलीस. एक एक वस्तू काढून वर्तमानपत्रावर ठेवत होतीस. चौथ्या-पाचव्या वस्तूला मी म्हणाले, “हे परत कुठे बसवायचं ते लक्षात राहील का?”

“ऱ्हाईल.”

“मला नाही राहणार.” मी आत जाऊन खडू आणि मुलांच्या वह्यांतली एक कोरी वही आणली. प्रत्येक वस्तूवर आकडा घातला, वहीत तिचं चित्र काढलं, आणि समोर लिहिलं, कुठून निघाली, कुठली बाजू वर होती. तू वाकून बघितलंस. “बरं काडतेस,” म्हणालीस. झोनच्या एखाद्या नव्या पोरीला म्हणावं तसं. मला बरं वाटलं, शेवंती. तुला तेव्हा सांगितलं नाही.

खालची चाकी निघाली आणि तिच्या वरची तबकडी दिसली. तिला तीन ठिकाणी अस्तराचे तुकडे होते. त्यांवर बोट फिरवलंस आणि ते माझ्या नाकाशी धरलंस. तेल. तुकडे काचेसारखे गुळगुळीत झाले होते, एक तर पार धातूपर्यंत झिजला होता. “ह्याला सहा महिने लागत नायत,” तू म्हणालीस. “पुडच्या रविवारी येते. आमच्या मेकानिककडे जुने बूच पडलेले असतात, टाकूनच देतो तो. मागते.”

तू निघताना मी कपाटातल्या पत्राचं सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक. तू चप्पल घालत होतीस. “एक आठवडा थांब,” म्हणालीस. “पत्र काय, मंगलवारी पन जातो.” मी थांबले.

दुसऱ्या रविवारी तू बुचाचे तुकडे आणलेस. ब्लेडनं मापात कापले, एसांसनं, म्हणजे पेट्रोलनं, तबकडी पुसून काढली, गोंद लावला, वर आईंचा बत्ता ठेवून दाबले. माझ्या वहीच्या आकड्यांप्रमाणे सगळं उलट क्रमानं जोडलं. मशीन उभं केलं. दोन टॉवेल टाकले. फिरलं. चादर टाकली. फिरलं. हे टाळ्या वाजवायला निघाले, तू हातानं थांबवलंस. दुसरी चादर टाकली, आणि एक धक्का बसला, मशीन जागचं हललं, मग पुन्हा तेच गुणगुणणं, तोच वास.

त्या दिवशी मला वाटलं होतं तू रागावशील, निदान ओशाळशील. तू खाली बसलीस, पाय पसरलेस, आणि म्हणालीस, “चाय दे.” चहा पिताना माझ्याकडे न बघता सांगितलंस, “चुकी माजी. तेल कुटून आला ते बगितलंच नाय. बूच नवा लावला आनि वरून तेल गलतच हाय. दुसरी चुकी, तिगं तुकडे सारखे जाड नायत. एकच धरतोय, दोगं बगत बसलेत.”

चूक इतक्या सरळ कबूल करणारं माणूस मी घरात तोवर पाहिलं नव्हतं. आमच्याकडे चूक झाली की आधी ती कुणाची हे ठरायचं, मग बाकीचं.

मशीन पुन्हा निजवलं, पुन्हा उघडलं. दांड्याच्या भोवती रबराची एक कडी होती, तडकलेली. तेल तिथून झिरपत होतं. तू ती काढून रुमालात बांधून नेलीस. शमें ग्रेनिएला मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात बसून त्याच्या डब्यातल्या सगळ्या कड्या एक एक करून लावून बघितल्यास. त्यानं वैतागून विचारलं म्हणे, “ही कुठल्या गाडीची?” आणि तू सांगितलंस, “माज्या सासूच्या.”

तिसऱ्या रविवारी पाऊस होता. तू भिजून आलीस. कडी बसवली. बुचाचे तुकडे सारखे होईपर्यंत काचकागदानं घासत राहिलीस. मी पट्टी धरून मोजत होते आणि तू पट्टीवर भरवसा न ठेवता बोटानं मोजत होतीस. शेवटी तुझं बोट खरं निघालं. माझी पट्टी टोकाला झिजलेली होती. चाकी आणि तबकडी यांच्यात किती अंतर सोडायचं यावरून आपला वादही झाला. मी म्हणत होते, जवळ ठेव, म्हणजे घट्ट धरेल. तू म्हणालीस, “सुटला पन पायजे ना, बाय. धुताना जर सुटला नाय तर पिंप दांड्याबरोबर फिरल आनि कपडे फाटतील. हा धरसोड्या हाय.”

“क्लच म्हण. नाहीतर काही बरं नाव शोध. धरसोड म्हणजे दोष, शेवंती. ज्याचं मन एका जागी नाही त्याला धरसोड्या म्हणतात.”

“तुज्या पुस्तकात ह्याला काय म्हनतात?”

देवळाच्या वर्गात मी पोरांना मराठी शिकवत होते, त्यांच्या ‘हाय’चं ‘आहे’ करत होते, आणि समोर पडलेल्या वस्तूला माझ्याकडे शब्द नव्हता.

“वेलेवर धरतो, वेलेवर सोडतो,” तू म्हणालीस, “ह्याच्यात दोष कुटला?”

हा वाद आपण पुढे कितीतरी वेळा घातला. मी कोश उघडायचे, तू हसायचीस. तो मिटला नाही. माझं अजूनही म्हणणं आहे की तो शब्द चुकीचा आहे. आता समोरून उत्तर नाही, म्हणून जिंकल्यासारखंही वाटत नाही.

मशीन उभं राहिलं. एक टॉवेल, दोन टॉवेल, एक चादर, दोन, तीन. पिंप आधी हळू, मग वेगात, मग इतक्या वेगात की आतलं काही दिसेना, नुसता पांढरा पट्टा. वास नाही. धक्का नाही. नळीतून पाण्याची धार सुटली आणि बारीक होत थांबली. तू वर हात ठेवून उभी होतीस, मान एका बाजूला, थरथर मोजत असल्यासारखी. “कोरेक,” म्हणालीस. झकास. मी चादर बाहेर काढली. ती ओली नव्हती, नुसती दमट होती. मी ती गालाला लावली. माझ्या मनात त्या क्षणी शाळेतला फळा आला, खिडकीजवळचा माझा वर्ग, आणि मला रडू आलं. तू मला रडू दिलंस. मग म्हणालीस, “आले,” म्हणजे चल, “वालत घालू या. पाऊस थांबला.”

ती चादर घेऊन आपण आईंच्या खोलीत गेलो. तिन्ही रविवार तू त्यांच्यापाशीही बसायचीस. त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असायच्या, आणि तू त्यांच्या पायाशी पाच मिनिटं बसून उठायचीस. त्या दिवशी मी त्यांच्या चांगल्या हातात चादरीची कड दिली. त्यांनी ती चोळून बघितली. जड जिभेनं विचारलं, “कुणी… पिळलं?”

“मशीननं, आई.”

“मोडलं… होतं.”

“शेवंतीनं केलं.”

त्यांनी मान वळवली. तुझ्याकडे बघितलं. मग चादर सोडून तुझा हात धरला आणि अंगठा वर करून बघितला. नखाच्या मधोमध सुई आरपार गेल्याची खूण होती. झोनमधली. मी ती कधी पाहिलीच नव्हती. आई म्हणाल्या, “दुखतं?”

“आता नाय, आई. तेवा दुकला.”

त्या पुढे तीन वर्षं जगल्या. ज्या रविवारी तू यायची नाहीस त्या रविवारी सकाळपासून दाराकडे बघत. मला म्हणत, “गाडी… चुकली असेल.” झोनवाली हा शब्द त्या घरात पुन्हा कुणी उच्चारला नाही. पत्र मी फाडलं नाही, पाठकोरं म्हणून वाणसामानाची यादी लिहायला वापरलं. नव्या सत्राला वर्गात गेले. आईंसाठी दिवसा एक बाई ठेवली. ती मशीन लावायची, चादरी वाळत घालायची. आणि पाचच्या सुमारास घरी आल्यावर दोरीवर पांढऱ्या चादरी हलताना दिसल्या की मला तुझी आठवण यायची. ती दुःखाची आठवण नव्हती. जेवून तृप्त झाल्यावर वाढणाऱ्याची येते, तशी.

एक गोष्ट मात्र राहिली.

दोन वर्षांपूर्वी मी शमें ग्रेनिएला आले होते. परतताना तू मला गाडीपर्यंत सोडायला आलीस. बाकावर बसलो होतो. मी म्हणाले, “शेवंती, त्या सकाळी मी स्वयंपाकघरात जे बोलले त्याची मला लाज वाटते.”

“कुटल्या सकाली?”

“तू डबा भरत होतीस. मी बाह्यांचं बोलले.”

“मला नाय आटवत,” तू म्हणालीस.

“आठवतं तुला.”

“नाय.”

पाच वर्षांपूर्वीच्या एखाद्या जॅकेटला कुठल्या रंगाचा दोरा होता हे तुला आठवायचं. दोन वर्षं माझ्या घरी न येण्याचं कारण तू विसरली असशील यावर मी विश्वास ठेवायला हवा होता का? मी पुन्हा म्हणाले, “खोटं बोलतेस तू.” तू रस्त्याकडे बघत म्हणालीस, “गाडी आली बग,” आणि खरंच आली होती. खिडकीतून मी मागे बघितलं तर तू हात हलवत होतीस, तेच बारीक हसू. मला माफी हवी होती. तू मला त्याहून मोठं काहीतरी दिलंस की ते नाकारलंस, हे मला ठरवता आलेलं नाही. ठरवायला तू पाहिजे होतीस. तुझ्या आजाराला दोनच आठवडे झाले आणि मी तिथे येऊन बसले तोवर तू बोलण्याच्या पलीकडे होतीस. मी तुझा हात धरून बसले. भावजी म्हणाले, ऐकू येत असेल. मी मोठ्यानं काही बोलले नाही. खोलीत माणसं होती.

आता तेराव्याचं सांगते.

घरचे, मंडळाचे, देवळाचे मिळून पन्नासेक माणसं येतील म्हणून आम्ही शमें ग्रेनिएला जेवण केलं होतं. अकराच्या सुमारास झोनची गाडी येऊन दारात थांबली आणि तिच्यातून बायका उतरायला लागल्या. उतरतच राहिल्या. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, तरुण, वयस्क. अर्धा दिवस सुट्टी मागून आल्या होत्या. पत्रावळी पुरेनात, केळीची पानं कापायला भावजींना मागे धाडलं. सगळ्या अंगणात मांडी घालून बसल्या, आणि जेवता जेवता एक जण बोलायला लागली. मारी तिचं नाव, तुझ्या शेजारच्या मशीनवर बसणारी. क्रिओल बोलीत म्हणाली, “माझं कपड्यांचं मशीन तिनं दोनदा उघडलं होतं.” दुसरी म्हणाली, “माझ्याकडे पंखा.” तिसरी म्हणाली, “माझ्या सासूकडे मशीन, पट्टा तुटला होता.” जवळच्या सुरीनाम गावापासून रिव्हिएर देझांगिपर्यंत किती घरांत तू जाऊन बसली होतीस, ते त्या एकमेकींना सांगत होत्या आणि मी वाढपाची पळी घेऊन ऐकत होते.

तू मला हे कधी सांगितलं नाहीस. मला वाटायचं, ते तीन रविवार माझे होते. ते तू माझ्यासाठी, आमच्या घरासाठी एकदाच केलंस. मला असूया वाटली. आता लपवून काय उपयोग? मग मारी म्हणाली, “पहिल्यांदा उघडलं तेव्हा मी विचारलं, कुठे शिकलीस? तर म्हणाली, रोझ हिलला, माझ्या जावेकडे.”

मी पळी खाली ठेवली.

जेवणं आटपली, बायका हात धुवायला उठल्या. मारी माझ्यापाशी आली. संकोचून म्हणाली, महिना-सव्वा महिन्यापासून तिचं मशीन पाणीच सोडत नाही. शेवंतीला सांगायचं होतं, राहिलं. आता कुणाला बोलवायचं? ती मला विचारत नव्हती खरं तर. बोलता बोलता बोलून गेली होती. पण मी म्हणाले, “रविवारी येते मी. बघते.” ह्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मीही मनातल्या मनात स्वतःकडे वळून बघितलं.

आज रविवार. सकाळी गेले होते. आधी मशीन चालू करून ऐकलं, तुझ्यासारखं पत्र्याला कान लावून. पंप गुरगुरत होता, पण अडखळत. मारी आणि तिची आई दोघी बघत उभ्या. तार काढली, नळी खाली सोडून पाणी काढलं, मशीन निजवलं, पंपाचं झाकण काढलं. तिथं केसांची एक पिन अडकली होती आणि तिच्याभोवती दोऱ्यांचा गुंता. एवढंच होतं. मला तासभर लागला, तुला दहा मिनिटं लागली असती. झाकण लावलं, तार लावली, आणि पाणी धो धो मोरीत गेलं. मारीच्या आईनं व्हॅनिलाचा चहा केला. आम्ही तिघी पायरीवर बसून तो प्यालो आणि तुझ्याबद्दल बोललो, हसून बोललो.

घरी येऊन साबणानं दोनदा हात धुतले. नखांतलं काळं गेलं नाही. तसेच हात घेऊन हे लिहायला बसले.